राबाचे भारे आणि उल्हासनगरी तंबू

आमचा तंबू उल्हासनगरला शिवला होता. रिक्षाचे हूड आणि स्कूटरची कव्हरं शिवणाऱ्या एका कारागिराला प्रकाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वर्तमानपत्रातून कापलेलं एक चित्र नेऊन दिलं आणि आठवड्याने निळ्या ताडपत्रीचं एक गाठोडं खांद्यावर टाकून तो घरी आला. कारागिराने हाताच्या सवयीने मागच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी ठेवली होती, रिक्षाला असते तशीच. कल्याण पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत तंबू उभा करून बघायला जागा नव्हती, म्हणून गच्चीवर नेला. तर शेजारच्या काकू विचारायला आल्या, लग्न कुणाचं काढलंय.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. धडधाकट घर असताना माणसं मुद्दाम रानात जाऊन जमिनीवर झोपतात, हे आमच्या लोकांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. माझे वडील, आप्पा, रेल्वेच्या कारशेडमधून नुकतेच निवृत्त होऊन आमच्याजवळ राहायला आले होते. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तंबू बघून ते म्हणाले, "मी जन्माची पहिली सोळा वर्षं जमिनीवरच झोपलो. तेव्हा त्याला हौस म्हणतात हे ठाऊक नव्हतं." एवढं बोलून ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. आप्पांचं बोलणं नेहमीच मोजकं. मूळ गावाबद्दल तर त्याहून मोजकं. गाव कुठलं विचारलं की "मुरबाडच्या पुढे" म्हणायचे. मुरबाडच्या पुढे कुठे, हे मला तिशी उलटली तरी माहीत नव्हतं. तिथे त्यांनी आम्हाला कधी नेलं नाही, आणि आम्हीही हट्ट धरला नाही.

तानसा, पहिला तंबू

त्या काळी शहापूर-मुरबाडच्या रानात तंबू टाकायला वनखात्याने चार-दोन जागा मोकळ्या करून दिलेल्या होत्या. चिठ्ठी घ्यायची, गार्डला दाखवायची, तो जागा दाखवून निघून जायचा. सोय म्हणजे एक हातपंप आणि तीन दगडांच्या दोन चुली. आमचा पहिला मुक्काम तानशाच्या तलावाजवळ पडला. प्रकाशने दिवसभर खुंट्या ठोकल्या आणि निम्म्या वाकवल्या. वानरांनी बिस्किटांचा पुडा आमच्यादेखत उघडून, एकेक बिस्कीट नीट निवडून खाल्लं. सकाळी आठ वाजता रिक्षाच्या खिडकीतून असं ऊन आत आलं की आम्ही भाजून निघालो. तरी मी इतकी खूश होते, की परतल्यावर शाळेत, जिथे मी क्लार्क होते, आठवडाभर दुसरं काही बोलले नाही.

कल्याणला आम्ही पहाटे उठून पिंपं भरणारी माणसं. इथे डोळ्यांत मावणार नाही एवढं पाणी समोर पसरलेलं. आणि त्या पाण्याच्या काठाने बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीकडे चाललेल्या. तलाव मुंबईचा, विहीर त्यांची. हे बघून मला कसंसंच झालं होतं, पण तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण आंघोळीला मी दोन बादल्या घेतल्या होत्या.

तानशाच्या त्या जागेवर एक गोष्ट फार आवडली. झाडाखाली लाकडांच्या मोळ्या रचून ठेवलेल्या असत. येणाऱ्याने लागेल तेवढं सरपण घ्यावं आणि चूल पेटवावी. त्या मोळ्या लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला.

डोळखांब, शुक्रवार

तिसऱ्या की चौथ्या वर्षी आम्ही डोळखांबकडे गेलो. एप्रिल होता. जयंतीची धामधूम आटोपली, मिरवणुकीत बसलेले घसे मोकळे झाले आणि मग निघालो. या वेळी नवल म्हणजे आप्पा येतो म्हणाले. शुक्रवारी त्यांना पेन्शनच्या कागदासाठी थांबायचं होतं, म्हणून ते शनिवारी सकाळच्या एसटीने मागून येणार होते. मी फार विचारलं नाही. विचारलं असतं तर बेत बदलला असता.

ज्यांनी डोळखांबचा उन्हाळा पाहिलेला नाही त्यांना सांगते, तो कोरडा असला तरी उदास नसतो. डोंगर उघडे पडलेले, भाताची खाचरं भेगाळलेली, पण मोहाखाली फुलांचा सडा, त्याचा गोड, जरासा आंबूस वास, आणि बांधाबांधावर करवंदाच्या जाळ्या. आमची जागा शेवटच्या पाड्याच्याही पलीकडे ओढ्याच्या काठाला होती. ओढा आटलेला, पण एका डोहात कमरेएवढं पाणी होतं. गार्डला परतीची गाडी पकडायची होती. त्याने लांबूनच हात करून जागा दाखवली आणि तो गेला.

तंबू उभा राहिला. पंधरा पावलांवर, एका खाचराच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली भारे रचलेले होते. वाळलेल्या पानांसकट फांद्या, वेलीने करकचून बांधलेल्या, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. मी प्रकाशला म्हटलं, "बघ, तानशापेक्षा इथली माणसं किती व्यवस्थित. दगडसुद्धा ठेवलेत."

पहिला भारा चहाला गेला. पानं अशी भडकायची की फुंकणी लागलीच नाही. दुसरा-तिसरा भात आणि सुकटीच्या कालवणाला. तशी सुकट मी जन्मात पुन्हा केली नाही. जमीन टणक होती, म्हणून चार भारे सोडून तंबूत गादीसारखे पसरले, वर चादर घातली. मऊ, सुगंधी, हललं की कुरकुरणारं अंथरूण. मी पडल्या पडल्या म्हणाले, घरच्या कापसाच्या गादीला सर नाही. सकाळी उठून आणखी चार भारे आंघोळीच्या पाण्याखाली घातले. एप्रिल महिन्यात गरम पाणी कशाला लागतं, हा प्रश्न आज पडतो. तेव्हा पेटवण्यातच मजा वाटत होती.

शनिवार

आप्पा दहाच्या सुमाराला आले. एका हातात पाव आणि केळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. चुलीशी आले आणि उभेच राहिले. मला वाटलं, दमले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. वाकून चुलीतून एक अर्धवट जळलेली फांदी उचलली, तिचं टोक अंगठ्याने चाचपलं. तिरका, एका घावातला छेद होता तो.

"सुशे, हे कुठनं घेतलंस?"

मी मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

"ही कोयत्यानं तोडलेली हाय. ऐनाचा कवळ हाय हा. राबाचा." मग जरा थांबून म्हणाले, "कुणाचा तरी राब जाळलास तू."

आप्पांच्या तोंडून "हाय" मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घरी ते आकाशवाणीच्या बातम्यांसारखं मराठी बोलत. मला राब म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

ज्यांना माझ्यासारखंच माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. भाताचं बी पेरायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर या वाळल्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पातेरा, म्हणजे गळलेली पानं, आणि वर मातीचा पातळ थर. मग ते सगळं हळूहळू भाजतात. यालाच राब म्हणतात. भाजलं की तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, आणि पावसाळ्यात त्या राखेत भाताचं रोप, तिकडच्या बोलीत आवण, जोमाने उठतं. तेच उपटून पुढे सगळ्या शेतात लावायचं. आवण नाही तर भात नाही. हे भारे पौष-माघात झाडावर चढून, कोयत्याने तोडून, डोक्यावरून वाहून आणलेले असतात. त्यातले सात मी चहा, भात आणि आंघोळीत संपवले होते. आणि चारांवर मी झोपले होते.

"आपण भरून देऊ," प्रकाश म्हणाला.

"कशानं?" आप्पा म्हणाले.

भाऱ्यांच्या मालकाला शोधायला जावं लागलं नाही. धूर बघून ती स्वतःच आली. पारूबाई, पन्नाशीची, काटक, कमरेला कोयता. ती मोहाखाली गेली, उरलेल्या भाऱ्यांभोवती एक फेरी मारली आणि आमच्याकडे वळली.

"माजे भारे कुठं गेले गो ताय?"

"मी जाळले, मावशी," मी म्हटलं. "मला वाटलं, सरपण आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बांधावर बसली. मग आमच्याकडे न बघता, जमिनीला सांगितल्यासारखं बोलू लागली. जानेवारीत तिचा नवरा ऐनावर चढला होता. शेवटचे दोन भारे राहिले असताना फांदी मोडली आणि तो पडला. पाय अजून प्लास्टरमध्ये होता. उरलेला कवळ तिने एकटीने वाहून आणला होता. आता तोडायची मुदत संपलेली, झाडांना पालवी फुटलेली, गार्ड कोयता लावू देणार नाही. आणि सोमवारी सकाळी सगळा पाडा मिळून राब भाजणार होता. एकट्याने मागून भाजता येत नाही, आग रानात शिरू नये म्हणून चारी बाजूंनी माणसं उभी करावी लागतात.

प्रकाशने खिशात हात घातला. तिने तो बघितला.

"पैशे भाजून आवण येतं का रं दादा?"

प्रकाशने हात बाहेर काढला. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लाज मला एरवी लवकर वाटत नाही.

आप्पा तिच्यापासून दोन हातांवर, त्याच बांधावर टेकले. "बाय, रानात पातेरा किती गावंल?"

"पातेरा लय. पन जमा कोन करील? नि पातेऱ्याला कवळाची धग नाय, बाबा."

"धग नाय ते मला ठावं हाय. आमी तिघं हाव. आज नि उद्या हाय."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पँट, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. "तुमाला काय जमतंय," ती म्हणाली. आप्पांनी बूट काढले, मोजे त्यात घालून ठेवले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

पातेरा

पातेरा वाहायचा कशात, हा पहिला प्रश्न. पाटीत मावतो किती, आणि ती एकच. आप्पांनी पारूबाईचा कोयता मागून घेतला आणि तंबूकडे गेले. प्रकाशच्या लक्षात येईपर्यंत उल्हासनगरची अर्धी शिवण उसवली होती. नंतर बरेच दिवस प्रकाश बिचारा त्या तंबूबद्दल, नातेवाईक गेल्यासारखा बोलायचा. तंबूची एक भलीमोठी चादर झाली, तिच्या मधोमध प्लास्टिकची खिडकी. त्या चादरीत पानं भरायची, चार कोपरे धरायचे आणि उतारावरून ओढत आणायची.

दोन दिवस आम्ही एवढंच केलं. मोह, ऐन, पळस, हाताला येईल ती पानं. सागाची नकोत, आप्पा सांगायचे, ती भुर्रकन जळतात आणि वाऱ्याने उडतात. गुरं बसायच्या जागेवरून मी सुकं शेण वेचलं. पहिल्या तासात माझ्या हातांना फोड आले. आप्पांचा हात मात्र चाळीस वर्षं मध्ये गेलीच नाहीत असा चालत होता. एका पायाने पातेरा ओढायचा, दुसऱ्याने दाबायचा, वाकायचं आणि कवेत उचलायचं. हे कुणी शिकवलं म्हणून मी विचारलं.

"आईनं. आमाला शेत नव्हतं. दुसऱ्याच्या राबाचे भारे वाहायचो मी, सात-आठ वर्षांचा असल्यापासून." आणि मग पुन्हा नेहमीच्या, घरच्या भाषेत म्हणाले, "छप्पन्नच्या दीक्षेनंतर वडील म्हणाले, पोरगं भारे वाहणार नाही, शिकेल. म्हणून कल्याण."

तीस वर्षांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या चार-पाच वाक्यांत कळलं. मी पानं गोळा करत राहिले. रडू आलं होतं आणि नाकात धूळही गेली होती, तेव्हा कुणाला काही कळलं नाही.

रविवारी दुपारी पारूबाई जेवण घेऊन आली. ज्यांनी तिचं वर्षाचं काम जाळलं त्यांच्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या, भाजलेला बोंबील आणि पानात बांधलेली करवंदं. आमच्याकडे एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला चहा तरी विचारला असता का, शंकाच आहे. जेवताना तिने आप्पांना विचारलं, "बाबा, तुमी कुठलं?"

आप्पांनी गावाचं नाव घेतलं. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "बौद्धवाडीतला."

पारूबाईने मान हलवली. तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. आप्पा क्षणभर तांब्याकडेच बघत राहिले, मग प्याले. घरी परतल्यावर एकदा त्यांनी आपणहून सांगितलं, की राबाचे भारे टाकून आलेल्या माझ्या आजीला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. ती दोन्ही हात तोंडाशी धरून पायरीखाली उभी असायची.

सोमवार

पहाटे वारा पडलेला होता. पाड्यातली माणसं ओल्या डहाळ्या घेऊन जागोजाग उभी होती, आणि वेगवेगळ्या खाचरांतून धूर सरळ वर जात होता. पारूबाईचा नवरा काठ्या टेकत बांधावर येऊन बसला. आम्ही थर लावून ठेवले होते. खाली शेण, मग उरलेला कवळ आणि माझी गादी झालेले चार भारे. पण ते तीन बाजूंनाच पुरले. चौथ्या कोपऱ्यात नुसता पातेरा होता.

काडी कुणी लावायची म्हणून पारूबाईने आप्पांकडे पाहिलं. जी काय झुळूक होती ती कुठून येतेय ते आप्पांनी चिमूटभर माती सोडून बघितलं आणि बरोबर उलट टोकाला बसून पेटवलं. वाऱ्याबरोबर पेटवलं तर वरवर जळून जातं, वाऱ्याविरुद्ध पेटवलं तर आग मुंगीच्या पावलांनी सरकते आणि जमीन खोल भाजते. कवळाचा भाग दुपारपर्यंत धुमसत होता. आमचा कोपरा एक चहा होईतो राख झाला.

आप्पांनी निघताना त्या राखेत अंगठा खुपसून बघितला. "वरच भाजलंय," ते म्हणाले.

"भाजलं तेवडं भाजलं," पारूबाई म्हणाली. "लावनीला या, बगायला."

जुलै

घरी आल्यावर त्या दोन महिन्यांत आप्पांनी पावसाची बातमी एकदाही चुकवली नाही. शहापूरला किती पडला, उघडीप किती दिवस. मी चिडवायचे, आप्पा, शेत कुणाचं आणि काळजी कुणाला. ते म्हणायचे, जाळलं कुणी ते आठव.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही तिघं लावणीला गेलो. एप्रिलमधलं ते भेगाळलेलं खाचर चिखलाने भरलं होतं आणि डोंगरावरून धुकं खाली आलं होतं. आवणाचा तुकडा लांबूनच दिसला. तीन बाजूंना दाट, काळपट हिरवं. चौथ्या कोपऱ्यात पिवळट, विरळ, आणि तणच जास्त. कुणी विचारण्यासारखं काही नव्हतं.

सकाळपासून सगळे वाकलो. मी लावलेली रोपं पारूबाई मागून हळूच सरळ करत होती आणि मला दिसू नये म्हणून बोलत होती. दुपारी खेकड्यांचं कालवण आणि भात खाल्ला. ते झणझणीत कालवण आणि पाठीवर पडणारा पाऊस, या जोडीला मी कल्याणमध्ये आजवर पर्याय शोधते आहे. तीनच्या सुमाराला आवण संपलं. बांधाच्या कडेला एक पट्टी रिकामी राहिली. मी बघितलं आणि मोजायची गरज पडली नाही. आमचा तंबू बरोबर तेवढाच होता.

"ऱ्हाऊ दे," पारूबाई म्हणाली. "एवड्यानं काय हुतं."

पण तिची दोनच खाचरं होती. एवढ्याने काय होतं ते तिच्या नवऱ्याच्या तोंडावर दिसत होतं. तिकडे रीत अशी, की ज्याच्याकडे आवण उरतं तो ते ज्याला कमी पडलं त्याला देतो, पण दारात जाऊन मागावं लागतं. नवऱ्याला चिखलातून चालवत नव्हतं. पारूबाई स्वतः जाईना. जानेवारीपासून तिने पाड्यात प्रत्येकाकडे काही ना काही मागितलं होतं.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू नको," आप्पा म्हणाले. "मी जातो."

हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. आमच्या घरात आप्पांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. शेजारून वाटीभर साखर आणलेली त्यांना खपत नसे. आई दवाखान्यात असताना रक्त द्यायला माणसं हवी होती, तेव्हाही त्यांनी स्वतः शब्द टाकला नाही, तो प्रकाशला टाकायला लावला. त्यांच्या आईने आयुष्यभर लोकांच्या पायरीखाली उभं राहून मागितलं होतं. त्याच डोंगराच्या या अंगाला, तशाच दारांत, ते आता मागायला निघाले होते. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय अनवाणी. पाड्याच्या वाटेवर ते धुक्यात दिसेनासे झाले. मी चिखलात तशीच उभी राहिले. आवण मिळेल की नाही यापेक्षा, त्यांना कुठे उभं करतील, याची मला धास्ती होती.

तासाभराने ते आले. डोक्यावर आवणाचा भारा होता, पाणी मानेवरून ओघळत होतं. भारा त्यांनी बांधावर टाकला.

"किती घरं फिरलात?" मी विचारलं.

"तीन. तिसऱ्यानं दिलं."

"आणि पहिले दोघं?"

"त्यांच्याकडं उरलं नव्हतं." आप्पा जुडी सोडत होते. "ओटीवर बसवलं. चहा दिला. दोन्हीकडं."

मग ते चिखलात उतरले आणि ती पट्टी त्यांनी एकट्याने लावली. ओळी दोरी धरल्यासारख्या होत्या. शेवटची ओळ मला लावायला दिली. ती वाकडी आली. त्यांनी ती उपटली आणि पुन्हा लावली.

त्यानंतर

आप्पा पुढे दरवर्षी एप्रिलात आणि जुलैत डोळखांबला जात राहिले, गुडघे देत होते तोवर. एका वर्षी तिथूनच जीपने ते मुरबाडच्या पुढच्या त्या गावी जाऊन आले, एकटेच. काय पाहिलं ते सांगितलं नाही, पण येताना माझ्यासाठी तिथल्या पिंपळाचं एक पान वहीत घालून आणलं. तंबूच्या जागेची चिठ्ठी मिळणं नंतर बंद झालं. आता त्या रस्त्याला रिसॉर्टच्या पाट्या लागल्यात. तिथे तयार तंबू मिळतात, त्यांना पंखा असतो आणि संध्याकाळी शेकोटीचा कार्यक्रम. मी एकदा चौकशीला थांबले होते. शेकोटीची लाकडं कुठून आणता, एवढंच विचारलं आणि निघाले.

आप्पा गेले त्या वर्षी जुलैत मी सांगायला म्हणून पारूबाईकडे गेले. तिची पाठ वाकली होती. पेंढ्याच्या उडव्यावर आमची निळी ताडपत्री होती, विटलेली, खिडकीसकट. तिने ऐकलं, डोळ्यांना पदर लावला. शेतात लावणीची तयारी झालेली होती, पाड्यातली चार-पाच माणसं तिच्यासाठी खोळंबली होती. शेताच्या वरच्या अंगाने सुरुवात करायची सोडून ती बांधाच्या कडेच्या त्या पट्टीकडे चालली. मी विचारलं, इथून का.

"बाबांनी मागून आनलेलं आवन हितं लावलं ना," ती म्हणाली. "तवापासनं पयली मूठ हितंच."

तिने एक जुडी माझ्या हातात दिली. मी वाकले, आणि ओळ सरळ यावी म्हणून खूप सावकाश लावली. तरी ती वाकडी आली. पारूबाईने ती तशीच राहू दिली.